बालकांचे अस्थिस्वास्थ्य आणि संशोधकाची उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आज बहुधा निवडणुकीच्या अथवा नोकरीच्या संदर्भात ऐकू येतो. त्याचा जुना मराठी अर्थ याहून अधिक भरीव आहे. कचेरीत, पेढीवर किंवा कसबी कारागिराच्या हाताखाली अल्प वेतनावर, प्रसंगी विनावेतनही राबून जो काम शिकतो तो उमेदवार, आणि त्याचा तो शिकण्याचा काळ म्हणजे उमेदवारी. १९६१ च्या केंद्रीय कायद्यामुळे रूढ झालेल्या ‘शिकाऊ उमेदवार’ ह्या शब्दप्रयोगात हा अर्थ अद्याप जिवंत आहे. संशोधनसंस्थांच्या इंग्रजी परिपत्रकांतून गेल्या काही दशकांत जी ‘अर्ली करिअर रिसर्चर’ ही संज्ञा प्रचारात आली, तिच्यासाठी मराठीत ‘नवसंशोधक’, ‘नवोदित संशोधक’ असे प्रतिशब्द योजले जातात. त्यांतून नवेपणाचा बोध होतो. परंतु शिकण्याच्या नात्याचा होत नाही. ‘उमेदवार’ म्हटले की शिकणारा आला, तो ज्याच्या हाताखाली शिकतो तोही आला, आणि जे काम शिकावयाचे तेही आले.

ह्या तिसऱ्या अंगाचा, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा, विचार नवसंशोधकांच्या साहाय्याविषयीच्या चर्चेत पुरेसा होत नाही. बालकांच्या अस्थिस्वास्थ्याचे संशोधन हे त्याचे बोलके उदाहरण होय. ह्या क्षेत्रातील उमेदवाराला शिष्यवृत्ती मिळते, यंत्र मिळते, परदेशी परिषदेत निबंध वाचण्याची संधी मिळते. मात्र ज्या कामावर त्याच्या निष्कर्षांचा अर्धा भार असतो, ते कोणी त्याला शिकवीत नाही आणि त्याच्या श्रेयातही धरीत नाही. ते काम म्हणजे मुलाच्या घरी जाऊन, त्या घरच्या भाषेत प्रश्न विचारणे आणि मिळालेले उत्तर नीट समजून घेणे.

१

प्रथम ह्या क्षेत्राचे स्वरूप पाहिले पाहिजे. मनुष्याच्या हाडांतील खनिजांचा मोठा भाग बाल्य व कुमार वयातच साठतो. उंची सर्वाधिक वेगाने वाढते त्या सुमाराच्या केवळ दोन वर्षांत प्रौढपणीच्या एकूण अस्थिखनिजाचा सुमारे चौथा हिस्सा भरला जातो. ह्या काळात पडलेली उणीव पुढे भरून काढणे अवघड असते, आणि तिचे परिणाम अनेकदा उतारवयात दिसतात. यास्तव येथील संशोधन स्वभावतःच दीर्घसूत्री आहे. मूल ज्या गतीने वाढते त्याहून त्वरेने त्याचा अभ्यास करता येत नाही.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचा माता-पोषण अभ्यास ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत सुरू झाले. गरोदर स्त्रियांच्या आहाराची व शरीरस्थितीची नोंद झाली. मुले जन्मली, वाढली. ती सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या हाडांची मोजमापे घेण्यात आली. अंजली गणपुले व त्यांचे सहकारी यांचा त्याविषयीचा निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणी दूध, दुधाचे पदार्थ, डाळी, पालेभाज्या, फळे अशी कॅल्शियमयुक्त अन्ने अधिक वेळा खाणाऱ्या मातांच्या मुलांची हाडे अधिक खनिजयुक्त आढळली, हा त्यातील एक महत्त्वाचा निष्कर्ष. कामाच्या आरंभापासून ह्या निबंधापर्यंत तेरा वर्षे लोटली. संशोधन-शिष्यवृत्तीची मुदत तीन ते पाच वर्षांची असते. ह्याचा अर्थ असा की, अशा क्षेत्रातील उमेदवार दुसऱ्याने पेरलेल्या शेतात कापणी करतो आणि स्वतः पेरलेले बहुधा दुसऱ्याच्या हाती सोपवून जातो. अशा परिस्थितीत साहाय्य म्हणजे केवळ व्यक्तीला दिलेले विद्यावेतन नव्हे. पिढ्यांमागून पिढ्या उमेदवार जेथे येऊन उभे राहू शकतील असे चालते काम टिकवून धरणे हेच पहिले साहाय्य.

दुसरा नमुनाही पुण्याचाच आहे. जहांगीर रुग्णालयातील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर व डॉ. वामन खाडिलकर यांच्या भोवती बालकांच्या वाढीचा व हाडांचा अभ्यास करणारा एक वर्ग तयार झाला. गरीब वस्तीतील साठ लहान मुलांवर बारा महिने चाललेला त्यांचा एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला धान्य व कडधान्यांचा कॅल्शियम मिसळलेला लाडू, दुसऱ्या गटाला तसाच परंतु कॅल्शियम न मिसळलेला लाडू आणि दोन्ही गटांना ड जीवनसत्त्व, अशी त्याची रचना होती. निबंधावर पहिले नाव वीणा एकबोटे यांचे आहे. त्यानंतरच्या नावांत खाडिलकर दांपत्य, संख्याशास्त्राची बाजू सांभाळणाऱ्या शशी चिपळोणकर आणि मँचेस्टरचे बालरोगतज्ज्ञ झुल्फ मुगल ही नावे येतात. रुग्णालय, संख्याशास्त्र आणि दूरदेशीचा अनुभवी सल्लागार ह्यांच्या मध्ये पहिला लेखक उभा आहे. उमेदवारीची ही मांडणी उत्तम म्हटली पाहिजे.

ह्या प्रयोगात लाडवाची केलेली निवडही अर्थपूर्ण आहे. गोळी औषध असते, लाडू खाऊ असतो. गोळी द्यावयाची तर आईला समजावून सांगावे लागते. लाडवाला समजावणीची गरज नसते. संशोधकांनी येथे एक सांस्कृतिक शब्द अचूक वाचला होता, असे म्हणावयास हरकत नाही. खेदाची गोष्ट एवढीच की, असे वाचन संशोधनपद्धतीचा भाग म्हणून शिकवले जात नाही. ते संशोधकाच्या घरच्या संस्कारावर सोडून दिलेले असते.

२

आता सध्याच्या साहाय्याची तपासणी करू. भारतात जैववैद्यक संशोधनाचा आरंभ करणाऱ्यांसाठी विविध शिष्यवृत्त्या आहेत; केंद्र शासनाचा जैवतंत्रज्ञान विभाग व ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये स्थापिलेल्या संयुक्त उपक्रमाने तर कारकीर्दीच्या आरंभीच्या संशोधकांसाठी स्वतंत्र अधिछात्रवृत्ती ठेवली. आंतरराष्ट्रीय पातळीवर बालकांच्या अस्थिस्वास्थ्याला वाहिलेल्या परिषदा भरतात, नव्या संशोधकांना पारितोषिके देतात, ज्येष्ठांशी त्यांची गाठ घालून देतात. ह्या सर्वांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. एरवी जो उमेदवार आपल्या गावच्या रुग्णालयात एकाकी राहिला असता, त्याला त्यामुळे समानधर्मी भेटतात.

तथापि ह्या साहाय्याचा रोख कोठे आहे हे पाहावे. पारितोषिक मिळते ते निबंधाच्या सारांशाला. निवड होते ती अर्जाच्या मांडणीवर. प्रशिक्षण मिळते ते क्ष-किरण घनतामापनाचे, संख्याशास्त्राचे, लेखनाचे. म्हणजे सामग्री हाती आल्यानंतर तिचे काय करावे, हे शिकवण्याची सोय आहे. सामग्री ज्या क्षणी जन्मते तो क्षण मात्र, म्हणजे उंबऱ्यावर बसलेली आई आणि हातात छापील प्रश्नावली घेतलेला उमेदवार यांच्यातील दहा मिनिटांचे संभाषण, ह्या सर्व योजनांच्या कक्षेबाहेर राहतो. ते संभाषण इंग्रजीत होत नाही. आणि योजना इंग्रजीत आखल्या जातात.

ही त्रुटी नवी नाही. मुडदुसाच्या कारणांचा शोध प्रारंभापासून विचारपुशीवर चालला आहे. जपानमध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून राहून आलेल्या थिओबाल्ड पाम यांनी निरनिराळ्या देशांतील परिचितांकडून पत्रांद्वारे माहिती मागवून १८९० मध्ये असे अनुमान काढले की, हा रोग सूर्यप्रकाशाच्या अभावाशी निगडित आहे. १९२१ व १९२२ मध्ये हचिसन यांनी प्रथम पटेल व नंतर शहा ह्या सहकाऱ्यांसह मुंबई इलाख्यातील मुडदुसाचे जे अभ्यास प्रसिद्ध केले, त्यांतही आहारापेक्षा मुलांना व स्त्रियांना घरात कोंडून ठेवण्याच्या रीतीकडे बोट दाखवण्यात आले. पडद्यातील घरांतून मूल किती वेळ बाहेर असते, काय खाते, हे प्रश्न इंग्रजीत विचारले गेले नसणार हे उघड आहे. ज्या देशी भाषेतील उत्तरांवर ते निष्कर्ष उभे राहिले, त्या उत्तरांची भाषा इंग्रजी निबंधात येताच लुप्त होते. शंभर वर्षांनंतरही स्थिती मूलतः तीच आहे.

३

भाषेच्या ह्या लोपाने शास्त्राचे काय बिघडते, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर एखाद्या प्रत्यक्ष वस्तीत शोधणे इष्ट. पुण्यात तयार झालेली प्रश्नावली घेऊन एखादा उमेदवार ठाणे जिल्ह्यातील बेलवलीस आला अशी कल्पना करावी. बेलवली हे एके काळचे स्वतंत्र गाव. आज ते कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत, बदलापूरच्या पश्चिम भागात आहे. मूळचे आगरी रहिवासी, कोकणातून व घाटावरून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे, मुंबईच्या गाडीने रोज ये-जा करणारा चाकरमानी वर्ग, आणि बाजारात रानभाज्या घेऊन येणाऱ्या आसपासच्या पाड्यांवरील आदिवासी स्त्रिया, असा तेथील भाषिक समाज आहे. कल्याणकडे जाताना अंबरनाथच्या पलीकडे लागते ते उल्हासनगर. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांचे हे नगर १९४९ पासून ह्या नावाने ओळखले जाते. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही तीन शहरे लोहमार्गाच्या सुमारे दहा किलोमीटरांत एका ओळीत वसलेली आहेत.

ह्या दहा किलोमीटरांत ‘कढी’ ह्या एका शब्दाचे काय होते ते पाहावे. देशावरच्या घरात कढी म्हणजे ताकाची. तीत दुधाचे कॅल्शियम आले. कोकणातील घरात तोच शब्द सोलकढीसाठी येऊ शकतो; ती आमसुलाची व नारळाच्या रसाची, तीत दूध-ताकाचा अंशही नसतो. उल्हासनगरच्या सिंधी घरातील कढी बेसन भाजून, त्यात चिंचेचे आंबट व भाज्या घालून केलेली असते. तीतही ताक पडत नाही. ‘काल मुलाने काय खाल्ले?’ ह्या प्रश्नाला तिन्ही घरांतून ‘कढी-भात’ असे एकच उत्तर आले, तर आहारतक्त्यात तिन्ही मुलांच्या नावे ताकाचे कॅल्शियम मांडले जाईल. पैकी दोघांच्या पोटात ते गेलेलेच नाही. त्यानंतर घनतामापक यंत्र त्या दोघांची हाडे उणी दाखवील, आणि संशोधक असा निष्कर्ष काढील की, कॅल्शियम पुरेसे मिळूनही हाडे उणी आहेत. यंत्र चुकले नाही, संख्याशास्त्र चुकले नाही, शब्द चुकला.

‘साई भाजी’चे उदाहरणही असेच. सिंधीत ‘साई’ म्हणजे हिरवी. पालक, डाळ व इतर भाज्या एकत्र शिजवून ही भाजी होते. मराठी कानाला मात्र तो शब्द दुधावरच्या सायीची आठवण करून देतो. ‘भाजी’ हा शब्द तर मराठीतच संदिग्ध आहे: बटाट्याचीही भाजी आणि माठाचीही भाजीच. कॅल्शियमच्या हिशेबात ह्या दोहोंत मोठे अंतर आहे. पावसाळ्याच्या आरंभी ह्या भागातील बाजारात टाकळा, शेवळे, कुरडू येतात आणि काही आठवड्यांनी दिसेनाशा होतात. मे महिन्यात एकदाच विचारलेल्या प्रश्नाला ह्या भाज्या सापडत नाहीत. आणि छापील यादीत त्यांची नावे नसली तर जुलैतही सापडत नाहीत, कारण यादीत नसलेले खाणे हे खाण्यात धरावयाचे नसते, असा उत्तर देणारीचा सहज समज होतो. सुकटीची व जवळ्याची तीच कथा. जवळा सगळाच्या सगळा खाल्ला जातो, म्हणून कॅल्शियमच्या दृष्टीने त्याला महत्त्व; परंतु ‘मासे खाता का?’ ह्या प्रश्नाला ‘रोज कुठले मासे?’ असे उत्तर देणाऱ्या घरात जवळ्याची चटणी रोज असू शकते. तिच्या दृष्टीने ती चटणी आहे, मासे नव्हेत.

दुधाचा प्रश्न सर्वांत सोपा वाटतो; वस्तुतः तो सर्वांत निसरडा आहे. ‘मूल दूध घेते का?’ ह्याला ‘घेते’ हे उत्तर प्रतिष्ठेचे आहे. ते पेलाभर दूध आहे, चहातले दोन चमचे आहे की बिस्किट बुडवण्यापुरते आहे, हे पुढचा प्रश्न विचारल्याविना कळत नाही. तो प्रश्न आईला उणेपणा न येऊ देता कसा विचारावा, हे संभाषणाचे शास्त्र आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या बालकाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे. गाईच्या शंभर ग्रॅम दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम, तर शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तेव्हा वाटी कोणती, पेला केवढा, भाकरी नाचणीची की तांदळाची, ह्या वरकरणी क्षुल्लक शब्दांवर मुलाची गणना पुरेशांत होते की अपुऱ्यांत, हे अवलंबून असते.

सूर्यप्रकाशाविषयीचा प्रश्न आणखी नाजूक आहे. ‘मूल किती वेळ घराबाहेर खेळते?’ असे प्रश्नावलीत असते. इमारतीत राहणारी आई म्हणते, ‘तो खाली खेळतो.’ नागर मराठीत ‘खाली’ हा आता मोकळ्या जागेचा वाचक झाला आहे. परंतु ‘खाली’ म्हणजे अंगणात, की दोन इमारतींमधल्या सावलीच्या बोळात, की जिन्याखालच्या वाहनतळात? चाळीतील मूल दिवसभर गॅलरीत असते. ते ‘घराबाहेर’ आहे, पण उन्हात नाही. उलट, ‘मूल उन्हात असते का?’ असे थेट विचारले तर आई नाही म्हणते. कारण ‘उन्हात फिरणे’ हे मराठीत बेफिकिरीचे लक्षण आहे, ऊन हे ‘लागते’. तीच आई तान्ह्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरते; कारण ‘कोवळे ऊन’ हा तिच्या भाषेत निराळाच पदार्थ आहे. प्रश्न कोणता शब्द वापरतो, त्यावर उत्तर कोणत्या दिशेला जाईल हे ठरते.

४

शब्दांची अडचण केवळ माहिती घेण्यापुरती नाही, माहिती देण्यातही आहे. ह्या क्षेत्राच्या मराठी परिभाषेचा आधारच ‘अस्थि’ हा शब्द. अस्थिस्वास्थ्य, अस्थिघनता, अस्थिखनिज हे सर्व समास निर्दोष आहेत. परंतु मराठी घरात ‘अस्थी’ हा शब्द स्मशानातून आलेला आहे. अस्थी गोळा करावयाच्या असतात, विसर्जित करावयाच्या असतात. जिवंत माणसाला असतात ती हाडे. संमतिपत्राच्या माथ्यावर मुलाचे नाव आणि त्याखाली ‘अस्थिघनता तपासणी’ असे वाचून एखादी आजी नातवाला माघारी नेईल, तर तिला अडाणी म्हणण्यापूर्वी विद्वानांनी आपली शब्दयोजना तपासावी. किरणांविषयीही तेच. ह्या तपासणीतील किरणांची मात्रा अत्यल्प असते. पण संमतिपत्रातील ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द वाचकाला थेट अणुभट्टीपाशी नेतो. लोकभाषेत क्ष-किरण तपासणीला ‘फोटो’ म्हणतात. त्यातून भय जाते खरे, पण जे सांगावयाचे तेही जाते. फोटोला कोणी संमती मागत नाही. ह्या दोन टोकांमधला प्रामाणिक शब्द शोधणे हे उमेदवाराच्या गळ्यात पडते. २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांपुढील मुलाची स्वतःचीही अनुमती घ्यावयाची असते. म्हणजे हाच शब्द पुन्हा सात वर्षांच्या मुलाला कळेल असाही हवा.

रोगनामांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. पाठ्यपुस्तकांनी ‘मुडदूस’ हा शब्द ड जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगासाठी निश्चित केला. घरगुती बोलण्यात मात्र खंगलेल्या, सुकलेल्या कोणत्याही मुलाला तो लावला जातो. मुडदुसाचे मूल अंगाने भरलेलेही असू शकते, ही गोष्ट म्हणूनच आईला पटत नाही. आयुर्वेदाच्या काश्यपसंहितेत एक वर्षाचे होऊनही न चालणाऱ्या बालकाच्या विकाराला ‘फक्क’ म्हटले असून, त्याला चालते करण्यासाठी तीनचाकी रथ सांगितला आहे. मराठी घरातील पांगुळगाडा त्याच जातीचा. चालण्याच्या विलंबाकडे आजारपणाच्या दृष्टीने पाहण्याची ही जुनी दृष्टी आजही आईच्या मनात आहे. ‘मूल कधी चालू लागले?’ हा प्रश्न ‘मुडदूस आहे का?’ ह्या प्रश्नापेक्षा कितीतरी अधिक माहिती देतो.

एखाद्या शब्दाने मुलाचे अहित होऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला मान्य नाही असे नव्हे. अस्थिघनतामापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये बालकांविषयी जी अधिकृत भूमिका स्वीकारली, ती बऱ्याच अंशी शब्दशुद्धीचीच आहे. प्रौढांसाठी वापरला जाणारा ‘टी’ अंक तरुण माणसाच्या हाडांशी तुलना करतो; त्या मापाने प्रत्येक मूल उणेच ठरणार. म्हणून मुलांच्या अहवालात तो येऊ नये, समवयस्कांशी तुलना करणारा ‘झेड’ अंक यावा, असे तिने ठरविले. ‘ऑस्टिओपीनिया’ हा शब्द मुलांच्या अहवालात वापरू नये आणि केवळ घनतेच्या आकड्यावरून ‘ऑस्टिओपोरोसिस’चे निदान करू नये, महत्त्वाच्या अस्थिभंगाचा इतिहासही हवा, असेही तिने सांगितले. ‘वयाच्या मानाने अस्थिखनिज कमी’ असे म्हणावे, एवढीच मुभा दिली.

इंग्रजीत एवढा संयम पाळून लिहिलेला अहवाल मराठीत सांगावयाचा झाला की काय होते? ‘हाडे ठिसूळ आहेत’ हे तीन शब्दांचे निदान जिभेवर तयार असते. ज्या शब्दाला तज्ज्ञांच्या सभेने बंदी घातली तोच भाषांतराच्या दाराने परत येतो. ठिसूळ हाडांच्या मुलाला आई खेळू देत नाही, धावू देत नाही; आणि खेळणे-धावणे हे तर हाडे बळकट होण्याचे एक मुख्य साधन. म्हणजे शब्दाने उपायालाच प्रतिबंध केला. ‘त्याच्या वयाच्या मुलांच्या मानाने हाडांत भर कमी पडली आहे, अजून पडू शकेल’ असे म्हणण्यास नऊ शब्द अधिक लागतात, पण त्यात मुलाचे खेळणे वाचते.

५

ह्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, संशोधनपद्धतीत ह्याची तजवीज आहे: प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणावयाची, दुसऱ्याकडून ती पुन्हा इंग्रजीत न्यावयाची आणि दोन्ही पाठ जुळतात का ते पाहावयाचे. ही रीत उपयुक्त आहे. परंतु ती वाक्य तपासते, वाच्यार्थ ज्या वस्तूकडे निर्देश करतो ती वस्तू तपासत नाही. कढीचे भाषांतर होऊन पुन्हा कढीच परत येते आणि परीक्षा उत्तीर्ण होते. वाटीत ताक होते की चिंच, हे त्या परीक्षेला कळत नाही. ते कळण्यासाठी स्वयंपाकघरापर्यंत जावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक सहानुभूतीचा आहे. तरुण संशोधकावर आधीच प्रबंधाचे, निबंधांचे, अर्जांचे ओझे आहे. त्यात बोलीभाषांच्या अभ्यासाची भर कशाला? परंतु हे ओझे नव्याने घालावयाचे नाही. ते आजही त्याच्याच खांद्यावर आहे. प्रश्नावलीचा मराठी पाठ तोच करतो, दारोदार तोच जातो, आईच्या शंकांना तोच उत्तर देतो. फरक इतकाच की, हे सर्व तो अशिक्षितपणे, एकट्याने आणि विनाश्रेय करतो. निबंधात त्या श्रमासाठी एक वाक्य येते: ‘माहिती स्थानिक भाषेत घेण्यात आली.’ कोणत्या शब्दांत घेतली, कोणता शब्द टाकून द्यावा लागला, कोणत्या प्रश्नाला लोक हसले, ह्याची नोंद त्याच्या वहीत राहते आणि शिष्यवृत्ती संपताच वहीसह निघून जाते. पुढचा उमेदवार पुन्हा कढीपासून आरंभ करतो. तेरा-तेरा वर्षे चालणाऱ्या कामात ही हानी साधी नव्हे.

तेव्हा साहाय्य कसे असावे हे ह्यातूनच निघते. प्रत्येक अभ्यासाची मराठी प्रश्नावली, तीत केलेल्या बदलांच्या कारणांसह, स्वतंत्र कृती म्हणून प्रसिद्ध व्हावी आणि ती तयार करणाऱ्याचे नाव तीवर असावे. आहारनामांचा, मापांचा, ऋतुमानाप्रमाणे बदलणाऱ्या खाण्याचा तालुकावार शब्दसंग्रह संस्थेच्या दप्तरी राहावा व दर पिढीच्या उमेदवाराने त्यात भर घालावी. प्रबंधाच्या परीक्षणात यंत्राच्या अचूकतेइतकीच प्रश्नाच्या अचूकतेची विचारणा व्हावी. ह्यांपैकी कशालाही मोठा पैसा लागत नाही. कामाला काम म्हणून मान्यता द्यावी लागते.

आणि ह्या प्रकरणी वैद्यकाला दोष देऊन भाषाविभागांना मोकळे होता येणार नाही. राज्याच्या भाषा संचालनालयाने १९६० नंतर अनेक शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध केले. ते पंडिताकडून लोकांकडे जाणाऱ्या वाटेचे आहेत, लोकांकडून पंडिताकडे येणाऱ्या वाटेचा कोश अद्याप व्हावयाचा आहे. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून प्रसिद्ध केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणमालेत ठाणे जिल्ह्यातील वारलीलाही स्थान मिळाले. डेक्कन महाविद्यालय व राज्य मराठी विकास संस्था यांच्या अलीकडील सर्वेक्षणाने बोलींची सामग्री सर्वांस खुली केली. ह्या कामांचे मोल निर्विवाद आहे. परंतु विद्यापीठीय भाषाविज्ञान बोलीतील प्रत्यय मोजते आणि बहुधा तेथेच थांबते. त्या बोलीत मुलाच्या जेवणाला, आजाराला, उन्हाला काय म्हणतात, ह्याची गरज शेजारच्या इमारतीतील वैद्यकाच्या उमेदवाराला आहे, हे त्याच्या गावीही नसते. भाषाविभागातील एखादा पदव्युत्तर विद्यार्थी आणि बालरोगविभागातील एखादा नवसंशोधक यांनी एकत्र बसून एका प्रश्नावलीचा एक पाठ सिद्ध करावा, ह्याहून फलद्रूप असा उमेदवारीचा धडा दोघांनाही दुसरा मिळणार नाही. पहिल्याला कळेल की अर्थ हा कोशात नसून वाटीत असतो. दुसऱ्याला कळेल की वाटीपर्यंत शब्दाच्याच वाटेने जावे लागते.

बेलवलीच्या एखाद्या घरी उद्या असा उमेदवार जाईल, तेव्हा त्याच्या हातातील कागदावर ‘कढी’ ह्या शब्दापुढे एक लहानसा प्रश्न छापलेला असावा: ‘कशाची?’ एवढे झाले, तरी त्याला मिळालेले साहाय्य खरे साहाय्य होते असे म्हणता येईल.